पोटाचा जमाखर्च आणि फडेप्पा चौगुले

भारताचा ऑलिंपिक इतिहास हॉकीपासून सुरू होतो, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वास्तविक १९२८ साली ॲमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक मिळाले, त्याच्या आठ वर्षे आधी बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या रस्त्यांवर एक भारतीय धावपटू ४२.७५ किलोमीटर धावून शर्यत पूर्ण करून गेला होता. तो मुंबईचा नव्हता, कलकत्त्याचा नव्हता. आपल्या बेळगावचा होता. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. ऑलिंपिकच्या इतिहासात रस असणाऱ्यांना हे नाव परिचित आहे. परंतु निपाणी-बेळगावच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आम्हां मुलांना ते ठाऊक असायलाच हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाकडेच पाहा. फडेप्पा आणि दरेप्पा ही नावे कानडी वळणाची. चौगुले हे आडनाव मराठी मुलखातले. गावगाड्यात पाटलाच्या हाताखाली काम पाहणारा तो चौगुला. एकाच माणसाच्या नावात दोन्ही भाषा इतक्या सहजपणे शेजारी बसलेल्या पाहून आपल्या भागात कोणालाच नवल वाटणार नाही. त्या काळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. या नकाशांवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. चौगुले मात्र दोन्ही बाजूंनी आपलेच म्हणावेत असे आहेत.

चौगुले यांच्या जीवनाला वळण मिळाले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामुळे, आणि त्यात मोठा वाटा सर दोराबजी टाटा यांचा. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजला शिकत असताना खेळांची गोडी लागून आलेले. १९१९ मध्ये ते डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यती पाहून त्यांना काय वाटले, हे त्यांनी दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. त्याचा सारांश असा : भाग घेणारी मुले शेतकरी वर्गातील होती, शेतात राबणारी होती आणि निकृष्ट अन्नावर जगणारी होती. युरोपातील नियम त्यांना माहीत नव्हते, आधुनिक शिक्षणाचा तर गंधही नव्हता. तरीही सुमारे पंचवीस मैलांची शर्यत ही मुले तापलेल्या खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावत आणि त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहण्याजोगी असे.

दोराबजींनी निवडक धावपटूंना स्वखर्चाने ऑलिंपिकला पाठविण्याची तयारी दाखविली. त्यांची आशा अशी होती की, इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली योग्य शिक्षण आणि योग्य अन्न मिळाले, तर ही मुले देशाचे नाव राखतील. शिक्षणाच्या बरोबरीने त्यांनी अन्नाचा उल्लेख केला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उपाशीपोटी किंवा अर्धपोटी धावणाऱ्या मुलाची केवळ जिद्द पाहून टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. त्याच्या ताटात काय आहे हे पाहणारा विरळा.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने भारताला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. १९२० च्या एप्रिलमध्ये पुण्यात निवड-चाचण्या झाल्या आणि सहा खेळाडूंचा संघ ठरला. बेळगावचे चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. मुंबईचे नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे कुस्तीगीर. सहांपैकी किती जण आपल्या पंचक्रोशीतले आहेत ते मोजून पाहा! १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड एकटेच उतरले होते. ते सोडले, तर भारताचा म्हणून संघ गेला तो हाच पहिला.

संघ बोटीने इंग्लंडला पोहोचला आणि लंडनमध्ये सुमारे सहा आठवडे सराव झाला. दोराबजींना अपेक्षित असलेले योग्य शिक्षण आणि योग्य अन्न यांसाठी हाती असलेला अवधी तो एवढाच. कोठे जन्मभराची सवय आणि कोठे सहा आठवडे!

अँटवर्पचे ऑलिंपिक पहिल्या महायुद्धानंतरचे. १९१६ चे ऑलिंपिक युद्धामुळे झालेच नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिक स्पर्धेत येथे प्रथम फडकला. मॅरेथॉन शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. हवा थंड आणि पावसाळी होती. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे ठरलेले आहे. अँटवर्पचा मार्ग त्याहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होता आणि ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर. तेथवर धावत जाऊन पुन्हा थोडे पुढे जायचे, म्हणजे किती अंतर होते याची कल्पना येईल.

सतरा देशांचे ४८ धावपटू सुटले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. हेही शाकाहारी म्हणून ओळखले जात, हे आपल्याकडे मांस-अंड्यांशिवाय ताकद नाही असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. एस्टोनियाचे लॉसमन त्यांच्या मागे तेरा सेकंदांच्या आत पोहोचले. तिसरे आलेले इटलीचे अर्री यांनी तर शर्यत संपल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या. साताऱ्याचे दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडील. पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकडे मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद. त्याला ४२.७५ ने भागले, की दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे येतात. आपल्या मैदानावर एक किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहावे आणि त्याच वेगाने पुढचे एकेचाळीस किलोमीटर धावायचे आहेत अशी कल्पना करावी. १९२४ साली पॅरिसला भारताचे महादेव सिंग एकोणतिसावे आले. चौगुले यांच्या पुढचा क्रमांक भारताला मिळाला तो थेट १९७६ मध्ये, जेव्हा मॉन्ट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले. म्हणजे बेळगावच्या माणसाची कामगिरी छप्पन्न वर्षे देशात सर्वोत्तम राहिली.

आता दोराबजींच्या अन्नाच्या प्रश्नाकडे वळू. चौगुले धावले त्या काळी धावपटूने काय खावे, कधी खावे याचे शास्त्र असे नव्हतेच. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये तर कडक उन्हात धावपटूंना पाणीसुद्धा जेमतेम मिळाले आणि विजेत्या हिक्सला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिक्निन हे विष थोड्या मात्रेत पाजले गेले. त्याच शर्यतीत क्यूबाचा फेलिक्स कार्वाहाल भुकेने व्याकूळ होऊन एका बागेत शिरला, सफरचंदे खाल्ली, ती नासकी निघाली, पोटात मुरडा आला आणि तो काही काळ आडवा झाला, असे सांगतात. तरीही तो चौथा आला! रिकामे पोट आणि भलत्या वेळी भरलेले पोट, दोन्हींचा धडा या एका माणसात मिळतो.

शास्त्राने यात प्रथम लक्ष घातले ते चौगुले यांच्या शर्यतीनंतर चार वर्षांनी. १९२४ मध्ये बोस्टन येथील मॅरेथॉननंतर डॉ. लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंच्या रक्तातील साखर मोजली. ज्यांची अवस्था शेवटी फार वाईट झाली होती, त्यांची साखर फारच खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी पिष्टमय अन्न अधिक दिले आणि शर्यतीत गोळ्या-मिठाई खायला दिली, तेव्हा ती स्थिती टळली. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला आणि स्नायूत साठविलेल्या ग्लायकोजेन या साखरेवर दम टिकणे अवलंबून असते हे सिद्ध केले.

हा हिशेब आमच्या खतावणीत सहज बसतो. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठते. हे आपले भांडवल; उष्मांकांत १,६०० ते २,०००. धावण्याचा खर्च दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे एक उष्मांक. ५५ किलो वजनाचा माणूस ४२.७५ किलोमीटर धावला, तर खर्च सुमारे २,३५० उष्मांक. म्हणजे जमेपेक्षा खर्च अधिक. ही तूट शरीर चरबीतून भरून काढते. पण चरबीतून शक्ती मिळण्याचा वेग मंद असल्याने पाय जड होतात. ज्याचे भांडवल मुळातच अपुरे, त्याची तूट लवकर सुरू होणार. निकृष्ट अन्नावर वाढलेल्या मुलांची खरी अडचण ही होती, आणि ती सहा आठवड्यांत भरून निघणारी नव्हती. म्हणूनच चौगुले यांचा एकोणिसावा क्रमांक मला पदकाहून कमी वाटत नाही.

मॅरेथॉन धावणारे आपल्यात थोडे. परंतु पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले निपाणीच्या आसपास प्रत्येक गावात दिसतील. त्यांच्यासाठी आज माहीत असलेल्या चार गोष्टी येथे नोंदवितो.

पोटभर जेवण आणि धावणे यांत तीन ते चार तासांचे अंतर असावे. धावताना रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटातील अन्नाचे पचन मंदावते. तूप, तळण आणि मटण तर अधिकच वेळ घेतात. तासा-दोन तासांपूर्वी केळे, थोडे पोहे, भाकरीचा चतकोर किंवा अंबील असे हलके अन्न चालते. पहाटे अर्धा तास धावायचे असेल, तर आदल्या रात्रीचे व्यवस्थित जेवण पुरते. सकाळी केवळ पाणी घेतले तरी भागते. मात्र भरतीच्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभे राहून दुपारी धावायची पाळी आली, तर खिशात गूळ-शेंगदाणे किंवा दोन केळी असावीत. आणि परीक्षेच्या दिवशी नवा पदार्थ पहिल्यांदाच खाऊन पाहू नये.

बरगडीखाली येणारी कळ आणि पोटरीत येणारा गोळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच औषध शोधतो. बरगडीखालची कळ भरल्या पोटी धावल्याने किंवा धावण्याआधी गोड सरबत भरपूर प्यायल्याने बहुधा येते. वेग कमी करावा, सावकाश आणि खोल श्वास घ्यावा, दुखणारी बाजू हाताने दाबून किंचित पुढे वाकावे. ती थोड्या वेळात जाते. पोटरीत गोळा येणे याचा दोष पूर्वी केवळ पाणी आणि मीठ कमी पडण्यावर टाकला जाई. अलीकडील अभ्यासांत दिसते ते असे की, सरावापेक्षा अधिक वेगाने धावून स्नायू थकणे हे त्याचे मोठे कारण आहे. तेव्हा थांबावे, पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढावा आणि पोटरीला ताण द्यावा. कडक उन्हात घाम फार गेला असेल, तर मीठ-साखरेचे पाणी अवश्य घ्यावे. परंतु तहान नसताना तांब्यावर तांबे पिणेही धोक्याचे, कारण त्याने रक्तातील क्षार पातळ होतात.

असो. चौगुले यांना यांपैकी काही सांगणारे कोणी नव्हते, कारण हे ज्ञानच त्या वेळी जन्माला आले नव्हते. आपल्याला ते फुकट उपलब्ध आहे. आज महाविद्यालयांच्या क्रीडा-महोत्सवांत बुटांवर, गणवेशावर आणि ढालींवर खर्च होतो. धावणाऱ्या मुलाने सकाळी काय खाल्ले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खेड्यातून पहिल्या एसटीने येणाऱ्या मुलाचा डबा दुपारचा असतो आणि शर्यत अकराची. त्याला चक्कर आली, की आपण त्याला कच्चा ठरवितो. दोराबजींनी १९१९ साली जे पाहिले, ते पाहायला आपल्याला आणखी किती वर्षे लागणार?

माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी आपल्या वार्षिक लांब पल्ल्याच्या शर्यतीला फडेप्पा चौगुले यांचे नाव द्यावे आणि त्या सकाळी शर्यतीच्या दोन तास आधी प्रत्येक धावपटूला दोन केळी आणि गुळाचा खडा द्यावा. खर्च फारसा येणार नाही. हिशेब मी स्वतः ठेवीन. फलक मराठीत लिहावा आणि कानडीतही लिहावा. नाव दोन्ही लिप्यांत सारखेच शोभून दिसेल.