जंगलातील जमीनदारी आणि बाबुराव शेडमाके

सत्तावनच्या उठावाचा इतिहास झाशी, कानपूर, दिल्ली असाच सांगितला जातो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठच्या घनदाट अरण्यात त्या काळात जे घडले, त्याची नोंद शहरी वाचकाला क्वचितच असते. त्या घडामोडींचा नायक होता बाबुराव पुलेश्वर शेडमाके. १२ मार्च १८३३ रोजी जन्मलेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, चांद्याच्या तुरुंगात फासावर गेलेला गोंड तरुण. त्याच्या शौर्याच्या कथा गोंडवनात घरोघर सांगितल्या जातात. परंतु हे चरित्र त्याहून अधिक काही सांगते. विषमतेची उतरंड कशी उभी राहते आणि सत्ता बदलल्यावरही कशी टिकून राहते, याचा तो जिवंत दाखला आहे.

बाबुराव सामान्य रयतेतला नव्हता. अहेरीलगतच्या मोलमपल्लीच्या राजगोंड जमीनदार घराण्यात तो जन्मला. त्याचे इंग्रजी शिक्षण रायपूरला झाले. त्या काळात चांद्याच्या जंगलपट्ट्यात लहानमोठ्या अनेक जमीनदाऱ्या होत्या. दक्षिणेला अहेरी सर्वांत मोठी, तर उत्तरेला आजच्या कुरखेडा परिसरात पळसगड आणि सोनसरी यांसारख्या छोट्या. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तरी हे जमीनदार आपापल्या मुलखात कायम राहिले. ते वरच्या सत्तेला 'टाकोळी' नावाची खंडणी देत आणि खाली रयतेकडून सारा व वेठ घेत. जमीनदार घराणी स्वतःला राजगोंड म्हणवीत. डोंगरात फिरती शेती करणारे माडिया आणि गोंडांच्या वंशावळी गाणारे परधान यांचे स्थान त्यांच्या दृष्टीने खालचे होते. बाहेरून एकजिनसी भासणाऱ्या आदिवासी समाजातही अशा पायऱ्या होत्या.

तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५४ मध्ये चांदा जिल्हा थेट कंपनीच्या अमलाखाली आला. आता उतरंडीच्या शिखरावर नवा धनी बसला. त्याला केवळ टाकोळी नको होती. जमिनीची मोजणी, जंगलाची मालकी आणि कायद्याचा अंमल हे सारे त्याला आपल्या हाती हवे होते. जमीनदाराच्या मानाला धक्का बसला आणि रयतेच्या जंगलावर गदा आली. दोघांची दुखणी वेगळी होती, पण शत्रू एकच ठरला.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबुरावाने तरुणांना एकत्र करून 'जंगोम दल' उभारले. जंगोम म्हणजे जागृती. या दलात गोंड होते, माडिया होते आणि पोटासाठी तलवार विकणारे रोहिलेही होते. मार्च १८५८ मध्ये त्याने राजगड परगण्यावर चाल केली. आडपल्ली आणि घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी त्यांच्या चकमकी झडल्या. जंगलाची खडान्‌खडा माहिती हे या दलाचे खरे शस्त्र होते. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलंड आणि हॉल मारले गेले. त्यांचा सोबती पीटर मात्र निसटून क्रिक्टनपर्यंत पोहोचला.

क्रिक्टनने यानंतर बंदुकीइतकाच भरवसा उतरंडीवर ठेवला. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिला त्याने आपल्या बाजूला वळवले. एका जमीनदाराला पकडण्यासाठी दुसरा जमीनदार वापरण्याचा हा हिशेब अचूक ठरला. सप्टेंबर १८५८ मध्ये बाबुराव पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि महिन्याभरात त्याला फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात पळाला होता. तेथील राजाने त्याला १८६० मध्ये इंग्रजांच्या हवाली केले आणि त्याला जन्मठेप झाली. बंडखोरांच्या जप्त मुलखातून लक्ष्मीबाईला इनाम मिळाले. गावे एका जमीनदाराकडून दुसऱ्याकडे गेली. गावकऱ्यांना कोणी विचारले नाही.

हे केवळ गोंडवनातच घडले असे नाही. १७४६ च्या पराभवानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले कुळप्रमुख हळूहळू नुसते जमीनमालक बनले आणि पुढे त्यांनी आपल्याच कुळातल्या माणसांना जमिनीवरून हुसकले. परकी सत्ता समाजाच्या वरच्या थराला जवळ करते, तेव्हा रक्ताच्या नात्यापेक्षा मालकीचे नाते बळकट होते. बाबुरावाचे वेगळेपण येथे दिसते. ज्या थराला तडजोड सहज साधली असती, त्याच थरातून येऊन त्याने ती नाकारली. त्याच्या बंडात जमीनदाराचा स्वाभिमान होता, हे खरे. पण त्या बंडासाठी तो माडियांच्या पाड्यांपर्यंत गेला आणि त्यांच्या बरोबरीने लढला, हेही तितकेच खरे.

जमीनदाऱ्या त्याच्यानंतरही ९० वर्षांहून अधिक काळ टिकल्या. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये त्या संपल्या. जंगल मात्र रयतेकडे आले नाही. ते वनखात्याकडेच राहिले. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८५ च्या आदेशानुसार कुरखेडा, धानोरा, अहेरी, एटापल्ली आणि सिरोंचा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच वर्षी १२ मार्चला, बाबुरावाच्या जन्मदिनी, टपालखात्याने त्याच्यावर तिकीट काढले. तिकिटामुळे त्याचे नाव देशभर गेले. मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती आले ते जंगल. ज्या जंगलासाठी त्याच्या दलातले माडिया आणि गोंड लढले, त्याचा निर्णय गावाने घेण्याची ती सुरुवात होती, आणि तिला दीडशे वर्षे लागली.