अंधारातील एक एक पाऊल
(पंडिता रमाबाई यांचे अल्पचरित्र)

ख्रिस्ती मनुष्यावर दुःखाचा प्रसंग आला म्हणजे त्यास सर्वांत अधिक जाचते ते हे की, देव आता आपणांशी बोलत नाही. लातूर-नांदेडकडील मंडळ्यांस असे प्रसंग अपरिचित नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरे व माणसे मातीखाली गेली; २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. अशा काळी पुढील मार्ग कोणता, हे देवास विचारूनही उत्तर मिळेनासे वाटते. पंडिता रमाबाईंस हे उत्तर आयुष्यात प्रायः एका पावलापुरतेच मिळत गेले. म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, त्यांचे चरित्र आपण मनन करण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध पत्नीस संस्कृत शिकविले व त्या मातेने कन्येस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे मोठा दुष्काळ पडला. त्यात आईवडील व थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास उपाशीतापाशी पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये बंधु वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. तेही ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले, आणि कडेवर वर्षाही न भरलेली मनोरमा होती.

पतीच्या पुस्तकांत त्यांस पूर्वीच लूकाचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले होते. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. नंतर वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांचे कान दिवसेंदिवस मंद होत चालले होते, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनींनी त्यांस लंडनातील आपल्या आश्रमात नेऊन पतित स्त्रियांची सेवा दाखविली. शोमरोनी स्त्रीशी प्रभूने केलेले भाषण बाईंस तेव्हा उमगले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. बाप्तिस्म्याने त्यांचा अंधार संपला नाही. तत्त्वांविषयी शंका राहिल्या, वाद झाले. ख्रिस्ती धर्म हाती आला, पण स्वतः ख्रिस्त भेटला नाही, असे त्यांस आठ वर्षांनी कळून आले. हे कळले ते एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचून. तो पाळकही जीवनाचा अनुभव नसता लोकांस उपदेश करीत आला होता. मात्र ही आठ वर्षे बाई प्रकाशाची वाट पाहत स्वस्थ बसल्या नव्हत्या. जे कर्तव्य दिसले ते त्यांनी केले. अमेरिकेत फिरून साह्य मिळविले व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळी निघून गेली व पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन बंद झाले नाही.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनासभेस त्या आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह गेल्या होत्या. तेथे एका सकाळी त्यांनी देवाजवळ पंधरांची पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस आत्मे मागितले. उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने! मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. जवळ पुरेसा पैसा नव्हता, म्हणून मन कचरले. पण स्वतःची उपासमार आठवताच त्या निघाल्या, आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन परतल्या. तोच पुण्यात प्लेग आला. इतक्या जणींस शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्तिसदन झाले. शहर सोडावे लागले नसते, तर १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात शेकडो निराधारांस जागा कोठून मिळती?

उत्तरवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे हा हेतु होता. छपाईची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे, म्हणजे आपल्या मुलखाच्या शेजारीच, निघालेल्या शाळेचा भार त्यांनी वाहिला. जुलै १९२१ मध्ये त्या वारल्या. वृद्ध आईने दुःख गिळून मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेविले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या व त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाहा, बाईंचे कान मंद झाले. तरी देवाचा शब्द त्यांस ऐकू आला. कधी तो शास्त्रातून आला, कधी बंद झालेल्या दारातून, तर कधी उपाशी माणसाच्या मुखातून. सर्व वाट एकदम दिसावी असा हट्ट त्यांनी धरिला नाही. आपणांवरही काळी वेळ आली असता शास्त्र उघडे ठेवावे, प्रार्थना सोडू नये, आणि ज्या कर्तव्याविषयी शंका नाही ते आजच करावे. शेजारी आजारी असेल तर त्याच्या घरी जावे. पोरके मूल असेल तर त्यास जेवू घालावे. पुढील पाऊल दाखविणे हे प्रभूकडे आहे, आणि तो विश्वासू आहे.