पुराव्याच्या कायद्याचे व्यासंगी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या संघाची स्मरणिका दरवर्षी घरोघर जाते आणि तीतील थोरांची चरित्रे मुलेबाळे आवडीने वाचतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहेच. तथापि घटनाकार या तेजापुढे त्यांचे एक अंग झाकले जाते. ते म्हणजे कायद्याचे विद्यार्थी व अध्यापक हे होय. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी. ए. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचे अध्ययन करून १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने अभ्यास मध्येच टाकून १९१७ साली स्वदेशी परतावे लागले. परंतु हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. १९२० साली पुन्हा लंडन गाठून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले. पुढील वर्षी मुंबईस वकिली सुरू केली. १९२८ साली मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयात ते अध्यापक झाले व १९३५ साली तेथेच प्राचार्यपदी आरूढ झाले.

विधि महाविद्यालयात जे विषय शिकवितात, त्यांत पुराव्याचा कायदा हा कठीण समजला जातो. हा कायदा १८७२ साली झाला; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. कोणती गोष्ट न्यायालयापुढे सांगता येते, ऐकीव गोष्टीस किंमत किती, दस्तऐवज कसा शाबीत करावा, हे त्यात सांगितले आहे. त्यातील एक तत्त्व तर शेतकऱ्यासही उमजावे असे आहे. जो एखादी गोष्ट आहे असे म्हणून हक्क मागतो, ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावरच असतो. बाबासाहेबांनी या विषयावर लिहिलेली टिपणे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात छापली आहेत.

या तत्त्वाचे मोल किती, हे महाडच्या दाव्यात दिसून आले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही स्पृश्य मंडळींनी डिसेंबरात त्यांच्यावर दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक सत्याग्रहासाठी जमले असताही बाबासाहेबांनी तो हुकूम मानला व सत्याग्रह तहकूब केला. अस्पृश्यांनी तळ्यास शिवू नये ही रूढी अनादि कालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. मग ती अनादि आहे हे दाखविणे त्यांच्याच शिरावर आले आणि तेच त्यांना साधले नाही. खालच्या न्यायालयांतून दावा उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या पीठाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली! त्या समयी ते विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यासही त्यांचे पाय लागले आहेत. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली, तीस ते उपस्थित होते. वतन हीदेखील पिढ्यान्‌पिढ्यांची रूढीच. तिच्या पायी माणूस गावकीच्या राबणुकीस बांधला जातो म्हणून १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. जुने आहे म्हणून ते न्याय्य आहे असे नव्हे, हाच धडा महाडास आणि हाच येथेही.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शिक्षक आहे. कायद्याची पदवी त्याच्या नशिबी नव्हती. परंतु आपल्या संघातील ज्या मुलामुलींना ती संधी आहे, त्यांनी हा विषय केवळ परीक्षेपुरता घोकू नये. कोणी तुम्हास पूर्वापार रीत म्हणून मागे सारू लागला, तर शांतपणे पुरावा मागा. आणि आपण काही बोलावयाचे झाल्यास आधी कागद हाती ठेवा. बाबासाहेबांस खरी आदरांजली ती हीच. इत्यलम्.