जॅक लँग : व्याज नाकारणारा मुख्यमंत्री

निवडून आलेले सरकार आधी कोणाचे देणे लागते, परदेशी सावकारांचे की उपाशी नागरिकांचे? ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याचे मजूर पक्षाचे मुख्यमंत्री जॅक लँग यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आणि त्यापायी सत्ता गमावली.

२१ डिसेंबर १८७६ रोजी सिडनीत जन्मलेल्या लँग यांचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. वडिलांच्या आजारपणामुळे घरात दारिद्र्य आले आणि लहानग्या जॅकला रस्त्यावर वर्तमानपत्रे विकावी लागली. पुढे ऑबर्न उपनगरात जमीनजुमल्याच्या व्यवसायात त्यांनी जम बसविला. १९१३ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले, तर १९२३ मध्ये पक्षाचे नेते झाले. धिप्पाड देहामुळे ते 'बिग फेला' म्हणून ओळखले जात.

१९२५ ते १९२७ या पहिल्या कारकीर्दीत त्यांनी विधवांना निवृत्तिवेतन, कामगारांना अपघातभरपाई आणि गरीब कुटुंबांना बालसंगोपन भत्ता देणारे कायदे केले. १९३० मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा जागतिक मंदीने हजारो हात रिकामे केले होते. वेतनकपात व काटकसर हाच उपाय असल्याचा सल्ला लंडनहून मिळत होता. लँग यांनी मात्र १९३१ मध्ये ब्रिटिश कर्जरोखेधारकांचे व्याज थांबविले. ते केंद्राने भरले आणि राज्याकडून वसुली आरंभली. राज्याचा पैसा केंद्राच्या हाती पडू नये, असा आदेश लँग यांनी अधिकाऱ्यांना दिला. तो बेकायदा ठरवून गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी १३ मे १९३२ रोजी त्यांना बडतर्फ केले. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १९ मार्च रोजी, लँग यांनीच सिडनी हार्बर ब्रिजचे उद्घाटन केले होते. बडतर्फीनंतर त्यांनी रस्त्यावरचा संघर्ष न छेडता पद सोडले. जूनच्या निवडणुकीत मात्र मतदारांनीही त्यांना नाकारले.

त्यांचा स्वभाव एकाधिकारी होता. त्यांच्यामुळे मजूर पक्ष फुटला आणि १९४३ मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. १९४६ ते १९४९ या काळात ते केंद्रीय संसदेत होते. वृद्धापकाळी, पुढे पंतप्रधान झालेले तरुण पॉल कीटिंग त्यांच्याकडे राजकारण समजून घेण्यासाठी जात. १९७१ मध्ये पक्षाने त्यांना सन्मानाने परत घेतले.

२७ सप्टेंबर १९७५ रोजी लँग निवर्तले. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांचे सरकार बडतर्फ केले आणि १९३२ चा तो वाद अवघ्या देशासमोर नव्याने उभा राहिला.