ज्यूल व्हर्न : कल्पनेला हिशेबाची जोड देणारा लेखक

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, 'मी चंद्रावर गेलो तर' हा निबंध दिला की बहुतेक वह्यांत काय सापडतं? यान उडालं आणि पोहोचलंसुद्धा! मधला प्रवास गायब. अशा वेळी मुलांना ज्यूल व्हर्नची गोष्ट जरूर सांगा.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नान्त या बंदराच्या गावी झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला पाठवले. पदवी मिळाली, पण मन रमले लेखनात. पोटासाठी त्याने शेअर बाजारात दलालीही केली. १८६३ मध्ये बलूनच्या प्रवासावरची कादंबरी गाजली आणि लेखन हाच व्यवसाय झाला.

१८६५ मध्ये त्याने तीन माणसांना चंद्राकडे धाडले, तेही तोफेतून! पण उगाच नाही. जागा फ्लोरिडाची निवडली, कारण तिथे चंद्र डोक्यावर येतो. वेग ठेवला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला खरोखर तेवढाच लागतो. आकडेमोडीला त्याने गणित शिकवणाऱ्या नात्यातल्या भावाची मदत घेतली. १९६९ साली अपोलो ११ मधून तिघे जण फ्लोरिडातूनच चंद्राकडे निघाले.

मग चुकलं कुठे? तोफेची नळी ९०० फूट. एवढ्याशा अंतरात तो वेग गाठायचा तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब येतो. व्हर्नने खाली पाण्याची गादी ठेवली, पण तिने कोण वाचणार? पुढच्या, १८७० च्या पुस्तकात मेलेला कुत्रा बाहेर टाकल्यावर तो यानाबरोबरच तरंगत जातो. हे अगदी बरोबर! मग आतली माणसंही वाटभर तरंगायला हवीत ना? व्हर्नने मात्र त्यांना एकाच ठिकाणी तरंगवले.

तरीही या चुका वाया गेल्या नाहीत. व्हर्न वाचून भारावलेल्या रशियातील त्सिओल्कोव्हस्की या शिक्षकाने तोफेऐवजी हळूहळू वेग वाढवणाऱ्या रॉकेटचे गणित मांडले. व्हर्न २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे वारला. भा. रा. भागवतांनी त्याच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, हे आपलं भाग्यच.

तेव्हा पुढच्या वेळी निबंध तपासताना 'असं होत नाही' म्हणून लाल रेघ ओढू नका. 'कसं झालं?' एवढंच विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल. मूल विचार करायला लागेल.