डॉक्टर आनंदीबाई जोशी

मी सातवी शिकलेली. चूकभूल पोटात घालावी. यंदा लेकीला वसतिगृहात पोचवताना आनंदीबाई आठवल्या. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी कडाक्याची, अन्न परके. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. तेथे जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५ च्या छायाचित्रात तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी दिसतात. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण प्रकृती ढासळली होती. १८८७ साली, बाविशीच्या आतच, पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. म्हणून लेकीला बजावून आले, की अभ्यासाइतकेच जिवालाही जप.