थोरांची ओळख : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपले मोबाइल वाजू लागतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कर्णबधिर बंधुभगिनीही आज व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलू शकतात. म्हणून या रविवारी आम्ही टेलिफोनचे जनक बेल यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आईला फारच कमी ऐकू येई. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन ते हळू, खोल आवाजात बोलत. पुढे अमेरिकेत बोस्टनला ते कर्णबधिर मुलांचे शिक्षक झाले. (मुंबईत आपले बिशप लिओ म्यूरिन यांनी अशी शाळा काढली ती त्यानंतर, १८८०च्या दशकात.) १८७६ साली बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी विवाह केला. लहानपणी तापाने तिचे ऐकणे गेले होते. कंपनीचे आपले दहा शेअर ठेवून बाकी सर्व त्यांनी तिला दिले. पण टेलिफोनवर पतीचा आवाज ती कधीच ऐकू शकली नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा नको, ओठ वाचून बोलायलाच शिकवावे, असा बेल यांचा आग्रह होता.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले. दफनविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद होते. कर्णबधिरांच्या हाती टेलिफोन यायला १९६४ साल उजाडले. रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर शास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर टेलिफोनला जोडला. इकडे टाइप केलेली अक्षरे आवाजाच्या रूपाने तारेवरून जात आणि तिकडे कागदावर उमटत.